देवावरून भांडण आणि वावराची पावती

(केळझर येथे फेब्रुवारी १९९९ मध्ये झालेल्या मेळाव्यातील भाषण. टेपवरून उतरवून घेतले आहे. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

 

आयाबायांनो, दादांनो, आणि मागं सायकली धरून उभ्या असलेल्या पोट्ट्यांनो, तुम्ही पण पुढं येऊन बसा.

मला सांगितलं होतं, अतिक्रमणाच्या दाव्यांवर बोला. बोलतो. पण त्याआधी मागच्या आठवड्यातली गोष्ट. हिंगणीच्या बाजारात आपलेच दोन पोट्टे भेटले. एकानं विचारलं, "भाऊ, तिकडं डांगात ख्रिस्ती झालेल्या आदिवासींची प्रार्थनाघरं जाळली म्हणतात. मंग आपण कोणाच्या बाजूनं?" बाजारात उभ्या उभ्या मला उत्तर देता आलं नाही. चहा पाजला आणि म्हटलं केळझरले या, तिथं बोलू. आले असतील तर ऐका. हे बोलणं दाव्यांपासून दूरचं नाही, ते तुम्हाला हळूहळू दिसेल.

आपण बसलो आहोत त्या गावाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. लोक म्हणतात, केळझर म्हणजे जुनी एकचक्रानगरी. इथं बकासुर होता. गावानं त्याच्याशी करार केला होता, रोज एका घरानं गाडाभर भात, गाड्याचे बैल आणि एक माणूस पाठवायचा. आमची आजी ही गोष्ट सांगताना बकासुरापाशी जास्त थांबत नसे. जंगलात राहणाऱ्याला राक्षस कोण म्हणालं, असं ती उलट विचारायची, आणि ते विचारण्यासारखंच आहे. पण तिचा खरा राग गावावर होता. ती म्हणे, एवढं मोठं गाव, एका जागी बसून कधी बोललं नाही. काहून? तर आज आपली पाळी नाही, शेजाऱ्याची आहे, म्हणून. ज्याच्या घरी पाळी, त्याच्याच घरी रडणं. बाकीची घरं कडी लावून जेवत होती.

आता डांग. डांग म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या सुरगाण्याला लागून असलेला डोंगराळ मुलूख. तिथं भिल्ल, कोकणा, वारली राहतात, बोली मराठीला जवळची आहे. १९६० मध्ये राज्यं झाली तेव्हा तो गुजरातेत गेला. जवळपास सगळा जिल्हा आदिवासी. त्यात ख्रिस्ती झालेले थोडे. मागच्या डिसेंबरात, २५ तारखेला, ख्रिस्ती लोकांच्या नाताळाच्याच दिवशी, आहवा या जिल्ह्याच्या गावी हिंदू जागरण मंचानं मोर्चा काढला. त्या दिवसापासून पुढं काही दिवस खेड्याखेड्यांत प्रार्थनाघरं फोडली, जाळली. मोर्चात चालणारे बहुतेक आदिवासी. ज्यांची प्रार्थनाघरं जळाली तेही आदिवासी. बरं, ही प्रार्थनाघरं म्हणजे मुंबईतली मोठी दगडी चर्च समजू नका. कुडाच्या भिंती, वर कौलं, आपल्या घरासारखीच.

१० जानेवारीला पंतप्रधान तिथं गेले. लोकांना वाटलं, जाळणाऱ्यांचं काय करणार ते सांगतील. ते म्हणाले, धर्मांतरावर देशभर चर्चा व्हावी. म्हणजे ज्याचं छप्पर जळालं त्यालाच विचारायचं की बाबा, तू देव काहून बदलला? आणि ही चर्चा सुरू झाली तोच, जानेवारीच्या २२-२३ तारखेच्या रात्री ओरिसात मनोहरपूर गावी ग्रॅहम स्टेन्स नावाच्या माणसाला त्याच्या दोन लहान मुलांसकट जीपमध्ये झोपेत जाळून मारलं. तो परदेशी होता, मिशनरी होता, हे खरं. पण बारीपद्याला तो महारोग्यांचं काम करत होता. ते काम काय असतं हे वर्धा जिल्ह्याला सांगावं लागत नाही. दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ पासून तेच केलं. आपल्या हिंगणघाटात जन्मलेले बाबा आमटे आनंदवनात तेच करतात. जखम धुणाऱ्याला आपल्याकडं कोणी धर्म विचारला नाही.

आता डांगातली दुसरी गोष्ट, जी पेपरात फार आली नाही. १८४२ मध्ये इंग्रजांनी तिथल्या भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्यानं घेतलं. सागवान पाहिजे होता. पुढं तेच जंगल राखीव झालं आणि राजाची रयत सरकारच्या जंगलात चोर ठरली. अजूनही होळीच्या दिवसांत आहव्याला डांग दरबार भरतो आणि त्या राजांच्या वारसांना सरकार मानाचे पैसे देतं. फोटो निघतात. रयत मात्र जंगलजमिनीवर कसते आणि हातात सातबारा नाही. ऐकल्यासारखं वाटतं ना? नाकेदार येतो, पावती फाडतो, कधी पीक मोडतो, कधी कोंबडी घेऊन जातो. डांगाचा प्रश्न हा आहे, आणि तो ख्रिस्ती कोकण्याचा आणि हनुमानाला जाणाऱ्या कोकण्याचा एकच आहे. दोघांच्या वावराला लागून वावर. आता मला सांगा, डिसेंबरानंतर ते दोघं एका अर्जावर अंगठा देतील का?

कोणी म्हणेल, जाळणाऱ्यांच्या डोक्यात जमीन नव्हती, मतं होती. म्हणू द्या. मतांसाठी आग लावली असं धरलं तरी राख कुठं पडली ते बघा. जंगलखात्याला नोटीस काढावी लागली नाही. ज्यांनी एकत्र जाऊन दार ठोठवायचं होतं ते एकमेकांची दारं फोडून आले.

आता मी माझ्यावर येतो. हे आतापर्यंत कधी मंचावरून बोललो नव्हतो.

मी तेव्हा वीस-बावीस वर्षांचा होतो. गावाचं नाव घेत नाही, माझी माणसं तिथं राहतात. आमच्या गावात एकोणीस घरं जंगलजमीन कसत होती. नाकेदार वर्षाला दंड करायचा आणि पावती द्यायचा. लोक पावत्या छपरात खोचून ठेवत, पावसाळ्यात त्यांचा लगदा व्हायचा. म्हणून आमच्या भुमकबाबानं सगळ्यांच्या पावत्या आपल्या लोखंडी पेटीत ठेवायला सुरुवात केली. त्याला वाचता येत नव्हतं. पण कोणत्या घराची कोणती हे तो कागदाच्या घडीवरून ओळखायचा.

त्याच सुमाराला शेजारच्या गावचा एक मोठा शेतकरी आमच्याकडं येऊ लागला. आमच्यातल्या सात-आठ घरांची वावरं त्याच्याकडं गहाण होती. त्यानं मारुतीच्या देवळासाठी सिमेंट दिलं. भोंगा दिला, बॅटरी दिली. आम्हा पोरांचं मंडळ काढून दिलं. मारुतीशी आमचं काही वैर नव्हतं, अजून नाही, माझी बायको दर शनिवारी जाते. पण तो माणूस पारावर बसून सांगायचा, तुमची प्रगती काहून होत नाही? तर तो भुमक अजून झाडाखाली कोंबड्या-बकरे कापतो. ते बंद करा. जो भजनाला येत नाही तो आपला नाही. आम्हाला ते पटलं. चांगले कपडे घातलेला माणूस आपल्या पारावर बसून आपल्याला 'आपला' म्हणतो, याचंच अप्रूप होतं. भोंगा बांधायला निंबावर चढलो तो मी.

भुमकबाबानं पेनाची पूजा सोडली नाही. आम्ही त्याचा विस्तव बंद केला, पाणी बंद केलं. माझ्या बापाचा तो चुलतभाऊ. त्याच्या नातीचं लग्न झालं त्या दिवशी आम्ही मंडळाच्या पोरांनी मुद्दाम दिवसभर भोंगा वाजवला.

आणि नेमकं तेव्हाच सरकारचा निर्णय आला. ३१ मार्च १९७८ पर्यंतची जंगलजमिनीवरची अतिक्रमणं कायम करायची. पंचनाम्याला साहेब आला, पटवारी आला, नाकेदार आला. पुरावा काय? दंडाच्या पावत्या. कुठं आहेत? पेटीत. पेटी कोणाकडं? सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्याच्या दारात जाऊन 'बाबा, पावत्या दे' म्हणायचं तोंड कोणालाच नव्हतं. आणि तोही ताठ माणूस, आपणहून आला नाही. साहेब दुपारी निघून गेला. एकोणीसपैकी आठ घरांचं कागदावर आलं. अकरा राहिली. पुढं १९८० मध्ये केंद्राचा वनसंवर्धन कायदा आला आणि दार आणखी घट्ट लागलं.

ती अकरा घरं पुढं काय करू लागली? त्यातली बरीच त्याच मोठ्या शेतकऱ्याकडं सालगडी लागली. त्याला साल धरायला माणसं पाहिजे होती. जे स्वतःचं वावर वाहतील ते त्याचे बैल कशाला हाकतील? हे मला कळायला दहा वर्षं लागली. तो काही धर्माचा माणूस नव्हता, आमच्या देवळात नंतर फिरकलाही नाही. सिमेंटची पोती त्याला स्वस्तात पडली.

भुमकबाबा गेला. तेराव्याला गाव जेवायला गेलं, मेल्यावर आपण सगळे जातो. काही महिन्यांनी संघटनेची बैठक होती. त्याची म्हातारी डोक्यावर पेटी घेऊन आली. बैठकीच्या मधोमध ठेवली आणि म्हणाली, "घ्या, तुमचीच आहेत." एवढंच बोलली आणि गेली. त्रेचाळीस पावत्या होत्या. सव्वीस वाचता येण्यासारख्या. बाकीच्या कसरीनं खाल्ल्या. त्या सव्वीस पावत्या आज आपल्या दाव्यांना जोडलेल्या आहेत.

तर बाजारातल्या पोट्ट्यांनो, मी तुम्हाला उत्तर देऊ शकलो नाही ते यामुळं. मी त्या मोर्चात चाललेला माणूस आहे. डांगातला नाही, पण जातीचा तोच.

आता एक नवीन बोलणं कानावर येतं, ते नीट समजून घ्या. म्हणतात, जो आदिवासी ख्रिस्ती झाला किंवा मुसलमान झाला त्याचं नाव अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा. हे आजचं नाही, तीस वर्षांपूर्वी बिहारचे कार्तिक उरांव यांनी लोकसभेत ही मागणी लावून धरली होती. ते स्वतः आदिवासी होते, त्यांची तळमळ खोटी होती असं मी म्हणणार नाही. शिकलेल्या मिशनवाल्या पोरांना नोकऱ्या मिळतात, आमच्यांना नाही, हे त्यांचं दुखणं होतं. पण औषध काय सुचवलं ते बघा. १९५० च्या आदेशात आपल्या यादीला धर्माची अट नाही. गोंड तो गोंड, तो कोणाला का हात जोडेना. ही अट एकदा घातली की पुढं काय होतं ते आपल्या शेजाऱ्यांना विचारा. दलितांच्या यादीला धर्माची अट होती. १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखोंनी दीक्षा घेतली. गाव तेच, विहीर तीच, विटाळ तोच. पण दिल्लीच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं.

आणि आपल्याला तर यादीबाहेर राहणं काय असतं हे माहीत आहे. १९७६ चा कायदा होईपर्यंत दिल्लीच्या यादीत विदर्भातला गोंड ठरावीक तालुक्यांतच आदिवासी होता. वणी, केळापूर, यवतमाळचा गोंड आदिवासी. वर्धा जिल्ह्याचा नाही. नदीच्या पलीकडं मामा आदिवासी, अलीकडं भाचा नाही. देव तेच, गोत्र तेच. कागदावर एक रेघ होती, बस.

यादी म्हणजे नुसती नोकरी आणि होस्टेल नाही. जमीन महसूल कायद्याचं कलम ३६ आणि ३६-अ काय सांगतं? आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय जाणार नाही. १९५७ ते १९७४ मध्ये गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला, तोही आदिवासीसाठी. हे कुलूप आहे आणि यादीतलं नाव ही त्याची किल्ली. आज ख्रिस्ती भावाचं नाव काढलं, तर उद्या सकाळी त्याच्या वावराचं कुलूप उघडं. घेणारा कोण येईल? दुसरा आदिवासी नाही येणार, आपल्याकडं पैसे कुठं आहेत. आणि परवा नवा साहेब म्हणेल, तू माळ घातली, मांस सोडलं, तुझ्या घरी सत्यनारायण होतो, मग तू आदिवासी कसा? हा प्रश्न विचारता येतो हे एकदा ठरलं की तो कोणालाही विचारता येतो.

ठाणे जिल्ह्यात डहाणूकडं कष्टकरी संघटना जमिनीसाठी लढते. तिच्यावर काय आरोप झाला? हे लोक ख्रिस्ती करायला आलेत. जमिनीच्या प्रश्नाला उत्तर नसलं की देवाचा प्रश्न विचारायचा. मुंबईतही तेच. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत ९०० माणसं मेली, त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. श्रीकृष्ण आयोगानं पाच वर्षं साक्षी घेतल्या, नावानिशी लिहिलं. मागच्या ऑगस्टात अहवाल विधानसभेत आला आणि सरकारनं तो एकतर्फी ठरवून बाजूला सारला. आपल्या गावातून मजुरीला तिकडं गेलेल्यांना विचारा, कोणत्या झोपड्या जळाल्या.

हे सगळं सांगताना एक बाजू लपवायची नाही. देव बदलला की गावात खरं दुखतं. कोणी प्रचारक येतो आणि सांगतो, तुमचे देव म्हणजे सैतान, फेकून द्या. हे मी स्वतः ऐकलं आहे आणि मला राग आला. घरातला एक भाऊ पेनाच्या पूजेला वर्गणी देत नाही म्हणतो, मंग आईनं कोणाकडं बघायचं? मयत झाली तर पुरायचं कोणत्या रीतीनं? ही भांडणं खोटी नाहीत. पण ही घरातली, गावातली भांडणं आहेत. ती मिटायला रात्र लागते, कधी वर्ष लागतं. बाहेरचा माणूस भोंगा घेऊन आला की मिटतच नाहीत, कारण मिटली तर त्याचं काम संपतं.

आणि आपल्याला हे मिटवता येत होतं. देवगडचा आपला गोंड राजा बख्त बुलंद औरंगजेबाच्या काळात मुसलमान झाला. त्यानंच नागपूर वसवलं. गोंडांनी त्याला राजा म्हणणं सोडलं का? नाही. त्यानं हिंदू, मुसलमान, जो कामाचा त्याला कामावर घेतलं, आणि त्याच्या घराण्यात पुढंही मुसलमानी रीत आणि गोंडी सोयरीक दोन्ही चालत आल्या. आपल्याच जिल्ह्यात गिरडला शेख फरीदबाबाच्या टेकडीवर कोण जात नाही? तिथले ते सुपारी-जायफळासारखे दगड माझ्या आईच्या देव्हाऱ्यात होते, बडादेवाच्या शेजारी. त्यांचं आपसात कधी वाजलं नाही.

त्याहून जुनी गोष्ट तुमच्या घरातच आहे. आपल्यात चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे सगे आहेत. सहा देववाल्याला सहा देववाल्याची मुलगी करता येते का? नाही येत, ते भाऊ झाले. सोयरीक करायची तर देव वेगळेच लागतात. आता सांगा, ज्या लोकांचं लग्नच देव वेगळे असल्याशिवाय होत नाही, त्यांना कोणी शिकवावं की ज्याचा देव वेगळा तो दुश्मन? (हशा) हसू नका, मी हेच शिकून निंबावर चढलो होतो.

आमच्या गावानं मागच्या वर्षी काही ठरवलं, ते सांगतो, तुम्हाला पटलं तर घ्या. पूजेची वर्गणी ज्यानं त्यानं मनानं द्यायची, न दिली म्हणून पाणी-विस्तव बंद होणार नाही. देऊळ असो, प्रार्थनाघर असो, विहार असो, बाहेरच्याचे पैसे घ्यायचे तर आधी सगळ्या गावापुढं सांगायचं, कोणी दिले, किती दिले, आणि त्याच्याकडं गावातलं काय काय गहाण आहे. हा शेवटचा प्रश्न आमच्या बायांनी घालायला लावला. आणि दाव्याच्या कमिटीत माळकरी पण बसेल, भुमक पण बसेल, येशूला मानणारं एक घर आहे त्यातली बाई पण बसते. तीच सध्या पावत्या सांभाळते. तिचं अक्षर चांगलं आहे.

आता कामाचं. जेवण झाल्यावर इथंच कागद तपासायला बसणार आहोत. बोरधरणाकडचे लोक आधी या, तुम्हाला परतीची गाडी आहे. दंडाच्या पावत्या, जुना पंचनामा, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, जे असेल ते दाखवा. घडी तुटत असेल तर उघडू नका, तशीच आणा, आम्ही उघडतो. पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, छपरात खोचू नका. आणि ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्या घरी आपली पावती अडकली असेल, तर इथं येऊन नुसतं नाव सांगा. आम्ही दोघं-तिघं तुमच्याबरोबर त्याच्या दारापर्यंत येऊ.